बलाढ्य देश आंतरराष्ट्रीय कायदा पाळतात का? कलम ३६ ची गोष्ट

बलाढ्य देश आंतरराष्ट्रीय कायदा पाळतात का, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर तयार असतं: बळी तो कान पिळी. रशियानं युक्रेनमध्ये सैन्य घुसवलं. मार्च २०२२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १३ विरुद्ध २ मतांनी लष्करी कारवाई थांबवण्याचा आदेश दिला, तरी युद्ध चालूच राहिलं. दक्षिण चीन समुद्रावरचा चीनचा दावा लवादानं जुलै २०१६ मध्ये फेटाळला, तेव्हा चीननं तो निवाडा रद्दीत काढला. हे सगळं समोर असताना वेगळं उत्तर कोण देणार?

पण या उत्तरानं काही गोष्टींचा उलगडा होत नाही. कायद्याला काडीचीही किंमत नसेल, तर हेच देश एकेका कराराच्या मसुद्यावर वर्षानुवर्षं घासाघीस का करतात? न्यायाधीशाच्या एका जागेसाठी जंग जंग का पछाडतात? आणि एखादा करार अंगलट आला की तो नुसता धाब्यावर न बसवता, रीतसर पत्र लिहून त्यातून बाहेर का पडतात? हे समजून घ्यायचं तर सगळ्या जगाचा कायदा एकदम हातात घेण्यापेक्षा एकच कलम धरून त्याचा माग काढणं सोपं आहे. हे कलम तेहरान, ॲरिझोना, टेक्सास असा प्रवास करत शेवटी मुंबईच्या एका कुटुंबापर्यंत पोहोचलेलं आहे.

कलम आणि त्याचा जोडकरार

वाणिज्यदूतांविषयीचा करार १९६३ साली व्हिएन्नात झाला. त्यातलं कलम ३६ साधं आहे. परदेशात तुम्हाला अटक झाली, तर ‘तुमच्या देशाच्या वकिलातीला कळवायचं का?’ हे विचारणं तिथल्या पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि तेही विनाविलंब. तुम्ही हो म्हणालात की वकिलातीचा अधिकारी तुम्हाला भेटू शकतो, तुमच्याशी बोलू शकतो, वकील मिळवून देऊ शकतो. आखातात नोकरीला गेलेला तरुण, परदेशी बंदरात अडकलेला कोकणातला खलाशी, अमेरिकेत शिकणारी पुण्याची मुलगी, अशा कुणावर परक्या मुलखात, परक्या भाषेत खटला उभा राहिला तर त्याच्या हातात पहिला आधार या कलमाचा असतो.

या कराराला एक ऐच्छिक जोडकरार आहे. वाद झाला तर कोणत्या कोर्टात जायचं, हे भाडेकरारात आधीच लिहून ठेवतात, तसंच हे आहे. ज्या देशांनी जोडकरारही मान्य केला, त्यांच्यात कलम ३६ वरून भांडण झालं तर एक देश दुसऱ्याला थेट हेगला खेचू शकतो. एरवी आंतरराष्ट्रीय न्यायालयात कुठल्याही देशाला त्याच्या संमतीशिवाय उभं करता येत नाही. ही संमती देशानं कशी दिली, कधी दिली आणि कधी काढून घेतली, यावर पुढची सगळी गोष्ट ठरते.

या जोडकराराचा आधार घेऊन पहिल्यांदा हेगला गेली ती अमेरिका. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी वकिलातीवर ताबा मिळवून तिथल्या लोकांना ओलीस धरण्यात आलं. त्याच महिन्यात अमेरिकेनं दावा दाखल केला. १५ डिसेंबरला न्यायालयानं ओलिसांना सोडण्याचा अंतरिम आदेश दिला आणि २४ मे १९८० रोजी अंतिम निकाल अमेरिकेच्या बाजूनं लागला. इराण न्यायालयात फिरकलासुद्धा नाही. उरलेले ५२ ओलीस ४४४ दिवसांनी, जानेवारी १९८१ मध्ये, वाटाघाटींतून सुटले. म्हणजे ज्या देशाकडे विमानवाहू जहाजं होती, त्यालाही त्या क्षणी कायदा हवाहवासा वाटला. जगासमोर आपली बाजू न्यायाची आहे हे १५ न्यायाधीशांच्या तोंडून वदवून घेण्याला मोल होतं. खटला चालू असतानाच, एप्रिल १९८० मध्ये, अमेरिकेनं ओलिसांच्या सुटकेसाठी लष्करी मोहीमही काढली. ती फसली आणि न्यायालयानं निकालपत्रात त्याबद्दल चिंता नोंदवली. कायद्याची वाट आणि बळाची वाट एकाच वेळी धरायची, ही सवय तेव्हापासूनची आहे.

ॲरिझोनातला फासा उलटा पडतो

कार्ल आणि वॉल्टर लाग्रांड हे दोघे भाऊ जर्मन नागरिक होते. लहानपणापासून अमेरिकेत राहिलेले. १९८२ मध्ये ॲरिझोनात बँक लुटण्याच्या प्रयत्नात त्यांनी एका माणसाचा खून केला आणि दोघांना मृत्युदंड झाला. जर्मन वकिलातीला कळवण्याचा त्यांचा हक्क त्यांना कुणीच सांगितला नव्हता. कार्लला फेब्रुवारी १९९९ मध्ये मृत्युदंड दिला गेला. वॉल्टरची तारीख ३ मार्च होती. जर्मनीनं आदल्या दिवशी हेगमध्ये धाव घेतली आणि ३ मार्चला न्यायालयानं अंतिम निकालापर्यंत त्याला मारू नका असा आदेश काढला. अमेरिकी सरकारच्या वकिलांनी त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाला कळवलं की हेगचे अंतरिम आदेश बंधनकारक नसतात. त्याच दिवशी वॉल्टरला विषारी वायूच्या कोठडीत मारण्यात आलं.

माणूस गेला होता, तरी जर्मनीनं खटला सोडला नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. २७ जून २००१ रोजी निकाल आला. अमेरिकेनं कलम ३६ मोडलं, एवढ्यावर न्यायालय थांबलं नाही. आपले अंतरिम आदेश देशांवर बंधनकारक असतात, हे त्यानं पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत सांगितलं. तोपर्यंत पन्नासहून अधिक वर्षं हा प्रश्न लोंबकळत होता. वॉल्टर लाग्रांडला त्याचा उपयोग नव्हता. कुणाला झाला, ते पुढे येईलच.

त्यानंतर मेक्सिको आला. अमेरिकेत मृत्युदंड झालेल्या आपल्या ५० हून अधिक नागरिकांच्या वतीनं त्यानं दावा लावला. ३१ मार्च २००४ रोजी न्यायालयानं ५१ जणांच्या बाबतीत कलम ३६ मोडल्याचं ठरवलं आणि त्यांच्या शिक्षांचा फेरविचार करायला सांगितलं. पुढचं वर्षभर जे घडलं, त्यात बलाढ्य देशाची दोन्ही रूपं एकाच वेळी दिसतात. ओक्लाहोमा राज्यात या निकालानंतर एका मेक्सिकन कैद्याचा मृत्युदंड गव्हर्नरनं कमी केला. फेब्रुवारी २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी राज्यांच्या न्यायालयांना निकाल पाळायला सांगितलं. आणि आठवडाभरानं, ७ मार्चला, त्यांच्याच सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना पत्र पाठवलं की जोडकरारातून आम्ही बाहेर पडतो आहोत.

या पत्राकडे नीट पाहा. अमेरिकेनं १९६३ चा मूळ करार सोडला नाही. परदेशात पकडलेल्या अमेरिकी नागरिकाला वकिलातीची भेट मिळालीच पाहिजे, ही मागणी ती आजही कलम ३६ चा हवाला देऊनच करते. तिनं सोडलं ते फक्त न्यायालयाचं दार. नियम राहू द्या, पण मी तो मोडला तर मला जाब विचारणारा कुणी नको, असा त्याचा अर्थ. बलाढ्य देश कायद्याशी कसे वागतात हे एका वाक्यात सांगायचं झालं, तर मी हेच सांगेन.

बुश यांचा तो आदेश टेक्सासनं मानला नाही. मार्च २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी निर्णय दिला की हेगचा निकाल पाळण्याचं बंधन अमेरिकेवर आहे, पण काँग्रेसनं तसा कायदा केल्याशिवाय ते राज्यांवर लादता येणार नाही. काँग्रेसनं कायदा केला नाही. त्या ५१ जणांपैकी होजे मेडेलिन याला ऑगस्ट २००८ मध्ये टेक्सासमध्ये विषारी इंजेक्शन देण्यात आलं. बंधन आहे असं सगळे म्हणत होते, पाळायचं कुणी हे मात्र कुणीच ठरवलं नाही.

इस्लामाबादमधली काच

आता आपल्या घराजवळ येऊ. कुलभूषण जाधव, भारतीय नौदलाचे माजी अधिकारी, मार्च २०१६ पासून पाकिस्तानच्या कैदेत आहेत. आपण त्यांना बलुचिस्तानात पकडलं असं पाकिस्तान म्हणतो, तर इराणमधून त्यांचं अपहरण झालं असं भारत सांगतो. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयानं त्यांना फाशी सुनावली. तोवर भारतानं वकिलातीच्या भेटीसाठी वारंवार केलेली मागणी धुडकावली गेली होती.

८ मे २०१७ रोजी भारत हेगला गेला, आणि गेला तो याच जोडकरारावरून. पाकिस्ताननं त्याच वर्षी मार्चमध्ये न्यायालयाला दिलेल्या आपल्या सर्वसाधारण संमतीत, म्हणजे पुढच्या कुठल्याही वादासाठी आगाऊ दिलेल्या मान्यतेत, नवे अपवाद घातले होते, पण जोडकराराचं दार उघडं राहिलं होतं. भारताची बाजू नागपूरच्या हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर मांडली. दहा दिवसांत, १८ मे रोजी, न्यायालयानं एकमतानं आदेश दिला की अंतिम निकालापर्यंत जाधव यांना फाशी देऊ नये. हा आदेश बंधनकारक होता, आणि त्यात शंकेला जागा उरली नव्हती याचं कारण २००१ चा लाग्रांड निकाल. ॲरिझोनात जो आदेश पायदळी तुडवला गेला, त्यातून निघालेला नियम सोळा वर्षांनी एका मराठी माणसाच्या जिवाआड उभा राहिला.

पाकिस्ताननं फाशी दिली नाही. २५ डिसेंबर २०१७ रोजी जाधव यांच्या आई आणि पत्नी इस्लामाबादला गेल्या, तेव्हा भेट काचेआडून झाली. आईला मुलाशी मराठीत बोलू दिलं नाही, मध्येमध्ये अडवलं गेलं, मंगळसूत्र आणि टिकली उतरवायला लावली, असं भारताच्या परराष्ट्र मंत्रालयानं दुसऱ्या दिवशी जाहीर केलं. कायदा जीव वाचवतो तेव्हाही तो माणुसकीची हमी देत नाही.

१७ जुलै २०१९ चा निकाल १५ विरुद्ध १ असा होता. विरोधात होते ते पाकिस्ताननं नेमलेले तात्पुरते न्यायाधीश. बहुमतात चीनच्या न्यायाधीशसुद्धा होत्या. हेरगिरीच्या आरोपीला कलम ३६ लागू नाही हा पाकिस्तानचा मुद्दा न्यायालयानं फेटाळला. मात्र जाधव यांना सोडा, शिक्षा रद्द करा, ही भारताची मागणीही मान्य केली नाही. परिणामकारक फेरविचार करा, एवढं सांगितलं. हे शब्द मेक्सिकोच्या निकालातून आलेले आहेत. त्यानंतर सप्टेंबर २०१९ मध्ये भारतीय अधिकाऱ्याला भेट मिळाली, फेरविचारासाठी पाकिस्ताननं आधी अध्यादेश काढला आणि मग २०२१ मध्ये संसदेत कायदा केला. तो कायदा तोकडा आहे असं भारताचं म्हणणं आहे, आणि ते मला पटतं. जाधव अजून तुरुंगात आहेत. तरीही तुलना करून पाहा: हेगच्या निकालासाठी पाकिस्तानच्या संसदेनं जे केलं, ते अमेरिकेच्या काँग्रेसनं केलं नाही.

दात कुणाला आहेत

असं का होतं याचं उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतच आहे. कलम ९४ म्हणतं की हेगचा निकाल एखाद्यानं पाळला नाही, तर दुसऱ्या पक्षानं सुरक्षा परिषदेकडे जावं. सुरक्षा परिषदेत पाच कायम सदस्यांना नकाराधिकार आहे. तेव्हा निकाल पाचांपैकी एकाच्या विरोधात गेला, तर अंमलबजावणी रोखण्याचा अधिकार ज्याच्याविरुद्ध निकाल लागला त्याच्याच हातात येतो.

निकाराग्वानं हे अनुभवलं. १९८४ च्या सुरुवातीला या छोट्या देशाच्या बंदरांत सुरुंग पेरले गेले, त्यामागे अमेरिकेची सीआयए होती. निकाराग्वानं ९ एप्रिलला दावा लावला. त्याच्या तीनच दिवस आधी अमेरिकेनं घाईघाईनं पत्र देऊन मध्य अमेरिकेतले वाद आपल्या संमतीतून वगळले होते. न्यायालयानं ते मानलं नाही आणि सुनावणी घ्यायचं ठरवलं. मग अमेरिका खटल्यातून उठून गेली, आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये १९४६ पासूनची आपली सर्वसाधारण संमतीच तिनं काढून घेतली. २७ जून १९८६ रोजी निकाल अमेरिकेच्या विरोधात लागला, तेव्हा न्यायालयाचे अध्यक्ष भारताचे नगेंद्र सिंह होते. निकाल पाळावा असा ठराव सुरक्षा परिषदेत आला. ऑक्टोबरमधल्या मतदानात ११ देश बाजूनं, तिघे तटस्थ आणि एकटी अमेरिका विरोधात. ठराव पडला. निकाराग्वात सरकार बदलल्यावर १९९१ मध्ये दावा मागे घेतला गेला, भरपाई मिळालीच नाही.

इतर चौघांची स्थितीही पाहा. रशियानं सर्वसाधारण संमती कधी दिलीच नाही. चीननं जुनी संमती १९७२ मध्ये नाकारली. पॅसिफिकमधल्या अणुचाचण्यांवरून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हेगला गेले, तेव्हा फ्रान्स न्यायालयात आलाच नाही, त्यानं चाचण्या चालू ठेवल्या आणि १९७४ मध्ये संमतीही काढून घेतली. पाचांपैकी आज फक्त ब्रिटनची सर्वसाधारण संमती उरली आहे, तीही अपवादांसह.

पण फ्रान्सनं त्याच वर्षी हवेतल्या अणुचाचण्या थांबवत असल्याचंही जाहीर केलं. न्यायालयाला जुमानलं नाही, तरी खटल्यामुळे तयार झालेलं दडपण त्याला टाळता आलं नाही. ब्रिटनचंही तसंच झालं. मराठी वंशाचे लोक पिढ्यानपिढ्या राहत आहेत त्या मॉरिशसपासून ब्रिटननं १९६५ मध्ये चागोस बेटं तोडली आणि तिथल्या रहिवाशांना हुसकावून दिएगो गार्सियाचा लष्करी तळ अमेरिकेला करू दिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये हेगनं आपल्या सल्लागार मतात बेटं तोडणं बेकायदा ठरवलं. हा फक्त सल्ला आहे, असं ब्रिटन म्हणालं. त्यानंतर ब्रिटननं बेटांवरून निघून जावं या ठरावाच्या बाजूनं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ असं मतदान झालं. मे २०२५ मध्ये ब्रिटननं बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली आणि तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं स्वतःकडे ठेवला. कायद्यानं बळाला हरवलं असं मी म्हणणार नाही. पण १९६५ च्या व्यवहाराला जी किंमत पडली नव्हती, ती साठ वर्षांनी मोजायची तयारी दाखवावी लागली.

आपणही याच रांगेत

इथवर वाचून अमेरिकेला किंवा चीनला नावं ठेवणं सोपं आहे. भारताकडे मात्र आपण त्याच नजरेनं पाहत नाही, आणि ते पाहायला हवं. ऑगस्ट १९९९ मध्ये कच्छच्या सीमेवर भारतानं पाकिस्तानी नौदलाचं विमान पाडलं, १६ जण मेले. पाकिस्तान हेगला गेला. भारतानं आपल्या संमतीतल्या अपवादावर बोट ठेवलं: राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद आम्ही या न्यायालयात नेऊ देत नाही. जून २००० मध्ये न्यायालयानं हा आक्षेप मान्य केला आणि विमान कुठे होतं, चूक कुणाची, हे कधी तपासलंच गेलं नाही.

महाराष्ट्राच्या अधिक जवळचं उदाहरण उसाचं आहे. जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलं आहे, कारण अमेरिकेनं नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाच्या तक्रारींवर डिसेंबर २०२१ मध्ये संघटनेच्या पॅनेलनं निकाल दिला की एफआरपीसारख्या ऊसदराच्या हमीमुळे भारत ऊस उत्पादनाच्या मूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे मदत देतो. एफआरपी सरकारी तिजोरीतून जात नाही, ती कारखाने देतात, हा भारताचा युक्तिवाद पॅनेलनं मानला नाही. भारतानं अपील केलं. ते ऐकायला मंडळच नसल्यामुळे निकाल लागू होऊ शकला नाही. कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या ऊसकऱ्याला यातून दिलासा मिळाला, आणि त्याच्या घामाचा दर पाहता तो मिळावा असं मलाही वाटतं. पण मोठ्या देशानं मोडून ठेवलेल्या यंत्रणेचा फायदा आपणही घेतला, हे तितकंच खरं आहे.

याच्या उलटही घडलेलं आहे. बंगालच्या उपसागरातल्या हद्दीवरून बांगलादेशानं भारताला समुद्री कायद्याच्या कराराखाली लवादापुढे नेलं. जुलै २०१४ मध्ये वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशाला मिळाले. भारत कितीतरी मोठा, नौदल कितीतरी बलवान, तरी भारतानं निवाडा स्वीकारला. चीननं रद्दीत काढलेला निवाडा याच समुद्री कायद्याच्या कराराखाली दोन वर्षांनी आला. बंधन त्याच कराराचं होतं, ते पाळायचं की नाही हे प्रत्येक राजधानीत ठरलं.

म्हणूनच एका गोष्टीबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. जाधव खटल्याच्या निकालानंतर अडीच महिन्यांच्या आत, २७ सप्टेंबर २०१९ रोजी, भारतानं हेगच्या न्यायालयाला आपलं संमतीपत्र नव्यानं दिलं. राष्ट्रकुलाचा अपवाद त्यात तसाच आहे. जे आज राष्ट्रकुलात आहेत ते आणि जे पूर्वी होते तेही देश त्यात येतात, म्हणजे पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव हे आपले शेजारी, शिवाय ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. ही सवलत दुधारी आहे. ते देश आपल्याला हेगला नेऊ शकत नाहीत, तसं या संमतीच्या जोरावर आपणही त्यांना नेऊ शकत नाही. हा अपवाद भारतानं काढून टाकावा. पाकिस्तानचा जोडकरार त्या वेळी शिल्लक नसता, तर मे २०१७ मध्ये आपल्याच अपवादानं आपली वाट अडवली असती.